तीन याद्या, तिन्हींचं नाव टुडू.टीएक्सटी. फोनवर ओळखायच्या कशा?

दुपारचा_चहा
कामांच्या याद्या मी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवते, टुडू.टीएक्सटी पद्धतीने. एका ओळीत एक काम, झालं की ओळीच्या सुरुवातीला एक्स. वहीइतकं सोपं, म्हणून चार वर्षं टिकलंय. नाहीतर माझी कुठलीही शिस्त गणपतीत सुरू होऊन दिवाळीपर्यंत बारगळते.

फोल्डर तीन आहेत: घर, ऑफिस, सोसायटी. प्रत्येकातल्या फाइलचं नाव टुडू.टीएक्सटीच. लॅपटॉपवर काही अडत नाही. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये 'अलीकडच्या फाइल' उघडलं की मात्र एकाखाली एक टुडू, टुडू, टुडू. आणि उघडल्यावरही वर तेवढंच.

सोसायटीची यादी सिंकथिंगने (दोन उपकरणांतल्या फाइल आपोआप सारख्या ठेवतं ते) सेक्रेटरीकाकांच्या फोनशी जोडली आहे. गेल्या आठवड्यात तिच्यात मी लिहून बसले, "सासूबाईंच्या कवळीचं माप, साडेअकरा". काकांचा लगेच फोन, "हे कमिटीने करायचंय का?" हसून सोडलं असतं, पण टाकी धुणाऱ्याला आगाऊ पैसे द्यायचं काम तिकडे घरच्या यादीत पडून राहिलं आणि टाकी तशीच राहिली.

अ‍ॅप बदलायचं नाही. तुम्ही काय करता?

खटपट्या
घर.टीएक्सटी, ऑफिस.टीएक्सटी, सोसायटी.टीएक्सटी. झालं की.

दुपारचा_चहा
केलं होतं हो! तिन्ही एकाच फोल्डरात टाकल्या. मग झालेली कामं बाजूला काढायचं बटण दाबलं, तर तिन्हींतली कामं एकाच डन.टीएक्सटीत जाऊन पडली. लिफ्टवाल्याला फोन कधी केला ते गॅस सिलिंडर आणि ऑफिसच्या टायमशीटमधून वेचून काढलं. म्हणून परत वेगळे फोल्डर.

टर्मिनलकाका
ताई, दोन्ही करायचं. फोल्डरही वेगळे आणि नावंही वेगळी. झालेली कामं अ‍ॅप यादीशेजारीच टाकतं, त्यामुळे फोल्डर वेगळे असले की डन आपोआप वेगळ्या. लॅपटॉपवर टुडू.एसएच, म्हणजे कमांड टाइप करून याद्या चालवायची स्क्रिप्ट, वापरत असाल तर यादीची आणि डनची जागा कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेली असते. दर यादीला एक कॉन्फिग करा, ती कमांडला डॅश डी लावून द्या आणि तिघींना तीन अलियास, म्हणजे कमांडची छोटी टोपणनावं. मी असंच वापरतो. टाइप करताना बोट चुकलं तरच घोळ होतो.

एकच_यादी
तीन याद्या हव्यातच कशाला? जीना ट्रपानी यांनी २००६ मध्ये ही पद्धत काढली तेव्हापासून त्यात प्रकल्पासाठी अधिकचं चिन्ह आणि ठिकाणासाठी अ‍ॅट आहे. +सोसायटी, +घर लावा आणि गाळून बघा. एक फाइल म्हणजे नावाचा प्रश्नच नाही.

दुपारचा_चहा
मग कवळीच काय, सासूबाईंच्या सगळ्याच गोळ्या-औषधांची यादी काकांच्या फोनवर जाईल. शेअर केलेली यादी वेगळीच ठेवायला लागते.

एकच_यादी
हे लक्षात नव्हतं. मग घर आणि ऑफिस तेवढं एक करा.

टर्मिनलकाका
ऑफिसची यादी ऑफिसच्या लॅपटॉपवर असेल तर तेही नको.

वडापाव_विथ_वायफाय
अ‍ॅपवाल्याला शिव्या घालण्याआधी एक सांगतो, हेच काम करतो म्हणून. अँड्रॉइडवर तुम्ही फाइल निवडता तेव्हा अ‍ॅपला पूर्ण पत्ता मिळतोच असं नाही. सिस्टिम एक दुवा हातात देते, त्यावरून दाखवायचं नाव आणि आकार विचारता येतो. ते नाव म्हणजे नुसतं फाइलचं नाव, फोल्डर त्यात येत नाही. एकसारख्या नावांच्या फाइल उघडल्या तर लॅपटॉपवरचे एडिटर ते सांगतात: व्हीएस कोड टॅबवर शेजारी फोल्डर लिहितो, ईमॅक्स २०१४ च्या २४.४ आवृत्तीपासून आपणहून कंसात लिहितं. त्यांच्या हातात पत्ता असतो. फोनवर तुम्ही फाइलच्या नावातच लिहिलंत तर ते सगळीकडे दिसेल.

भाकरतुकडा
नाव बदलायचं नसेल तर माझी युक्ती. प्रत्येक यादीत एक खोटं काम: कंसातला ए, मग === सोसायटी ===. प्राधान्य ए असल्यामुळे ते कायम वर राहतं, दुकानाच्या पाटीसारखं.

टर्मिनलकाका
पाटी छान, पण बरोबरचं चिन्ह नको. बाकीच्या ए कामांना तारीख लावली असेल तर अक्षरानुक्रमात ती पाटीच्या वर जाते. आस्की क्रमात (संगणकात प्रत्येक चिन्हाला ठरलेला नंबर असतो, तो) अंक ४८ ते ५७, बरोबरचं चिन्ह ६१. उद्गारचिन्ह ३३, म्हणजे अंकांच्या आधी. तीन उद्गारचिन्हं टाका, पाटी हलणार नाही.

भाकरतुकडा
म्हणून माझी पाटी अधूनमधून खाली सरकायची! मला वाटायचं अ‍ॅप बिघडलंय.

खटपट्या
ताई, तीन टुडू दिसतायत ते तीनच आहेत ना? सिंकथिंग वापरताय म्हणून विचारतोय. दोघांनी एकाच वेळी बदल केले तर ते जुन्या वेळेच्या फाइलचं नाव बदलून बाजूला ठेवतं: टुडू, मग सिंक-कॉन्फ्लिक्ट, मग तारीख आणि वेळ. नाव लांबलचक, फोनच्या पट्टीत अर्धं कापलं जातं आणि पुढचा टुडू तेवढा दिसतो. फाइल मॅनेजरमध्ये तपशील उघडून आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ बघा.

दुपारचा_चहा
अरे देवा. चार आहेत. चौथी सोसायटीच्या फोल्डरात, एप्रिलमधली. तिच्यात काकांनी लिहिलेली दोन कामं आहेत जी मला कधी दिसलीच नाहीत. एक लिफ्टच्या वार्षिक कराराचं, दुसरं पार्किंगच्या पट्ट्या रंगवायचं. मी आपली त्यांना म्हणत होते की काका तुम्ही यादीत लिहीत नाही!

खटपट्या
ती दोन हाताने मूळ यादीत चिकटवा आणि मगच ती फाइल पुसा. आणि नाव बदलण्याआधी काकांना सांगा. तुमच्याकडे नाव बदललं की त्यांच्या फोनवरही फाइल नव्या नावाने येणार. त्यांचं अ‍ॅप जुन्या नावाने शोधत बसलं, तर न सापडल्यावर रिकामी टुडू.टीएक्सटी नव्याने करूनही ठेवेल. मग पुन्हा तोच तमाशा.

दुपारचा_चहा
काल रात्री काकांकडेच जाऊन बसले. त्यांच्या फोनमध्ये आधी अ‍ॅप बंद केलं, मग नाव बदललं, मग त्यांना नवी फाइल निवडून दिली. फोल्डर तीनही वेगळेच ठेवलेत, पाटीही लावली, तीन उद्गारचिन्हांची. काकूंनी पोहे केले होते. माफी मागितली तर काका म्हणाले, लिफ्टवाल्याचं मीच बघून टाकलंय मे महिन्यात, पट्ट्या तेवढ्या राहिल्यात. टाकीवाला रविवारी येतोय.