मदत हवी: पीसी-राइटच्या फाइली उघडत नाहीत (तातडीचं!)

कोथरूडकर८२:
मंडळी, काकांच्या जुन्या फाइली उघडायच्यात. फ्लॉपीच्या लेबलवर पीसी-राइट (मजकूर लिहायचा जुना प्रोग्राम) लिहिलंय. सगळं करून पाहिलं, नुसता कचरा दिसतो. रविवारी छपाईला द्यायचंय. कुठला प्रोग्राम घेऊ? लायसन्स लागेल का?

सुमेधा_के:
कचरा म्हणजे नक्की काय? फ्लॉपी सव्वापाच इंची की साडेतीन? कशात उघडताय? "सगळं" म्हणजे काय काय केलं?

बंडूनाना:
मराठी मजकूर असणार. जुना फॉन्ट टाका आणि युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा. आमच्या साडूंची अख्खी वंशावळ अशीच सोडवली मी.

कोथरूडकर८२:
नाना, फॉन्टचा प्रश्नच नाही. १९८६ चं लिखाण आहे, काका तेव्हा अमेरिकेत होते. भाषा मराठी पण लिपी रोमन. फ्लॉपी माझ्याकडे नाहीच, चुलतभावाने पेनड्राइव्हवर फाइली दिल्या आणि लेबलचा फोटो पाठवला. विंडोजचं नोटपॅड.

सुमेधा_के:
हे आधी सांगायचं ना राव!

दादरचा_दत्तू:
ज्याचं सॉफ्टवेअर त्या कंपनीला मेल टाका. फुकटचं चोरून वापरायची खोड गेली पाहिजे.

जुना_गडी:
दत्तूशेठ, मेल कुणाला टाकणार? पीसी-राइट लिहिणारे बॉब वॉलेस २००२ मध्येच गेले. आणि चोरी कसली? हा माणूस स्वतःच सांगायचा की कॉप्या काढा, वाटा. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या दहा जणांतला. १९८३ मध्ये ती नोकरी सोडून सिअॅटलला क्विकसॉफ्ट काढली. डिस्क १० डॉलरला. पटलं तर ७५ डॉलर भरून नोंदणी करा, मग मॅन्युअल आणि फोनवर मदत मिळणार. वर तुमच्या कॉपीवरून दुसऱ्या कुणी नोंदणी केली की तुम्हाला २५ डॉलर.

दादरचा_दत्तू:
म्हणजे साखळी मार्केटिंगच की.

जुना_गडी:
साखळीत आधी खिसा रिकामा करतात. इथे दमडी न भरताही प्रोग्राम पूर्ण चालायचा.

फ्लॉपीप्रेमी:
अशी वाटून मग पैसे मागायची पद्धत काढणाऱ्यांत वॉलेस नंतरचे हो. अँड्र्यू फ्लुगेलमन यांचं पीसी-टॉक (फोनवरून संगणक जोडायचा प्रोग्राम) १९८२ चं, त्यांचा मान पहिला. जिम नॉफ यांचं पीसी-फाइलही (माहितीच्या याद्या ठेवायचा प्रोग्राम) त्याच सुमाराचं.

कोथरूडकर८२:
इतिहासाचा वेगळा धागा काढा प्लीज. माझा रविवार!

सुमेधा_के:
दिसतं काय ते एकदा नीट सांगा. शब्द वाचता येतात का?

कोथरूडकर८२:
येतात, पण शेवटचं अक्षर बिघडलेलं. शब्दाच्या शेवटी 'ए' असेल तर त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ, 'टी' असेल तर तिथे टोपीवाला 'ओ'. काही ओळी टिंबाने सुरू होतात, पुढे 'पी-एल' आणि आकडा.

सुमेधा_के:
मग ही पीसी-राइटची फाइलच नाही, वर्डस्टार आहे, लिहायचा दुसरा जुना प्रोग्राम! तो शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चढवून ठेवायचा, म्हणजे त्या अक्षराच्या संगणकातल्या आकड्यात (कोडमध्ये) १२८ ची भर. 'टी' चा कोड ११६, झाला २४४, तोच तुमचा टोपीवाला 'ओ'. पीसी-राइटची फाइल साधा मजकूर असते, ठळक-अधोरेखिताच्या खुणा सोडल्या तर नोटपॅडने सरळ वाचली असती. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एकेक बाइट (म्हणजे एकेका अक्षराचा कोड) वाचा, १२७ च्या वर असेल त्यातून १२८ वजा करा. मूळ फाइलीला हात लावू नका, कॉपीवर करा. लायसन्स-बिसन्स काही लागत नाही.

कोथरूडकर८२:
मग लेबल खोटं?

जुना_गडी:
खोटं कशाला? वाटून आलेली डिस्क, पुसून त्यावर आपल्या फाइली टाकल्या असतील. फ्लॉप्या महाग होत्या, सगळेच करायचे.

कोथरूडकर८२:
चाललं!! सगळं वाचता येतंय. पण ठळक शब्द गेले वाटतं?

सुमेधा_के:
गेले नाहीत. कोड २ म्हणजे ठळक सुरू किंवा बंद, १९ म्हणजे अधोरेखित. तेवढे शोधून खुणा करून घ्या. टिंबाच्या ओळी पानाच्या मांडणीच्या सूचना आहेत, छापायच्या आधी काढा.

बंडूनाना:
मी पहिल्यापासून सांगत होतो, कन्व्हर्टर लागणार.