डोक्याच्या दुखापतीनंतर यंत्रमागावर परतताना अर्धी पाळी मागता येते का?

नमस्कार,

माझा धाकटा भाऊ सोलापुरात, अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्यात जॉबर (माग लावणारा व दुरुस्त करणारा कारागीर) आहे. डिसेंबर 2023 मध्ये बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला जड रूळ) चढवताना तो घसरला आणि त्याचे डोके मागाच्या लोखंडी चौकटीवर आपटले. मेंदूवरचा रक्तस्राव शस्त्रक्रियेविना विरघळला, ताजा सीटी स्कॅनही स्वच्छ आला आणि तिथूनच अडचण सुरू झाली, कारण तो अहवाल पाहणाऱ्या प्रत्येकाला भाऊ ठणठणीत वाटतो.

मध्यंतरी पूर्व भागातल्या एका ओळखीच्यांच्या मागांवर त्याला सहज घेऊन गेलो होतो. डॉबीची (मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्रणेची) दुरुस्ती त्याच्या हातात अजून तशीच आहे. मात्र ताण्याचा (उभ्या धाग्यांपैकी) तुटलेला धागा शोधत असताना शेजारचा माग थांबला, तो तिकडे वळला, आणि परत आल्यावर आपण काय करत होतो हेच त्याला आठवेना. थोड्याच वेळात खटखटाट असह्य होऊन तो कपाळ धरून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

त्याला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू आहे. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ म्हणून वेतनाच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते आणि तो चालू असेपर्यंत त्याला कामावरून काढता येत नाही, एवढे आम्हाला ठाऊक आहे. पेच पुढचा आहे. योजनेच्या नियमाप्रमाणे ज्या दिवशी तो काम करून वेतन घेईल, त्या दिवसाचा लाभ बुडतो. म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञांनी सुचवल्याप्रमाणे सुरुवातीला रोज अर्धी पाळी केली, तर पगार निम्मा आणि लाभ काहीच नाही. मालकांचे म्हणणे सरळ आहे: कामास योग्य असल्याचा अंतिम दाखला आणा आणि पूर्ण पाळीला उभे राहा. (माणूस वाईट नाही, मालाची निकड आहे.) चालू मागांमध्ये गोंधळलेला जॉबर इतरांच्याही हातापायांवर बेतू शकतो, हे त्यांना कोणत्या कागदाच्या आधारे पटवावे?

एक दिवसाआड पूर्ण पाळी आणि मधल्या दिवसांचा लाभ, अशी सोय विमा वैद्यकीय अधिकाऱ्यांनी कोणाला दाखल्यावर लिहून दिली आहे का? तसेच त्याने कमी पगारावर घडी-तपासणी (तयार टॉवेल तपासून घड्या घालण्याच्या) खात्यात बदली घेतली, तर पुढे मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती घटली हे ठरवताना ती बाब त्याच्या बाजूने धरते की विरोधात? बोर्डापुढे जाण्याआधी स्मरणशक्ती व एकाग्रतेच्या चाचण्यांचा अहवाल जोडणे उपयोगी पडले असेल, तर तेही कृपया कळवावे.