लडाखचं विमान, तिकिटावरचा 'कार्बन ऑफसेट' आणि परभणीचे मामा

लातूरकर_कॅमेरावाला

राम राम मंडळी. प्रश्न थोडा विचित्र वाटेल पण डोक्यातून जातच नाहीये म्हणून टाकतोय. मी मूळचा लातूरचा, सध्या नोकरीपायी पुण्यात. फोटोग्राफीचा नाद आहे, धंदा नाही, सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडायचं एवढंच. सेकंडहँड बॉडी, 18-55 ची किट लेन्स आणि एक डुगडुगणारा ट्रायपॉड. औसा, खरोसा, उदगीर, नळदुर्गचा नर-मादी धबधबा हे सगळं झालं, आता लडाखला जायचंय. तिथल्या हानलेला 2022 मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह (रात्रीचा उजेड कमी ठेवून जपलेलं काळोखं आकाश) झालं तेव्हापासून तिथली आकाशगंगा काढायची हे मनात बसलंय.

तर पुणे-दिल्ली-लेह तिकीट बघताना पेमेंटच्या आधी एक चौकोन आला, शेजारी हिरवं पान, 'एवढे जादा भरा, तुमचा प्रवास कार्बन न्यूट्रल करा'. हाच तो कार्बन ऑफसेट, म्हणजे आपण हवेत सोडलेला कार्बन दुसरीकडं कुणीतरी झाडं लावून किंवा धूर कमी करून भरून काढायचा, त्याचे पैसे. रक्कम अडीचशेच्या आत. आधी बरं वाटलं, मग खटकलं. जाऊन-येऊन साडेतीन हजार किलोमीटर उडायचं, माझ्या एकट्याच्या वाट्याला ढोबळमानानं 300-400 किलो सीओटू (कार्बन डायऑक्साइड), आणि तो एका पिझ्झाच्या पैशात पुसून निघतो?

परभणीच्या मामांना फोनवर सांगितलं तर हसायलाच लागले. "कसलं ग्लोबल वॉर्मिंग रे, डिसेंबरात पारा पाच-सहावर येतो इथं, ये शेकोटीला बस म्हंजे कळंल." मामांशी वाद घालायची सोय नाही, लहानपणी त्यांच्याच सायकलवर वाढलोय.

तर एक, हे पैसे भरावेत का? आणि दोन, कोरड्या मांजरा धरणाचे फोटो टाकून खाली 'क्लायमेट चेंज' लिहिणारा मीच विमानानं हिंडलो तर ते ढोंग होतं का? स्पष्ट बोला, राग नाही.

बांधावरचा_अण्णा

बिलकुल भरू नका. तुमचे मामा बरोबर आहेत. 72 चा दुष्काळ मी बघितलाय, खडी फोडायला गेलेलो, सुकडी खाल्लेली, तेव्हा कोण बोलत होतं कार्बनबद्दल? निसर्ग आहे, कधी देतो कधी घेतो. आता सगळं ह्या एका शब्दावर ढकलायचं, पाऊस आला तरी तेच, नाही आला तरी तेच. आणि हा ऑफसेट म्हणजे त्याच गोष्टीवर उभं केलेलं दुकान. पाप करा, दक्षिणा ठेवा, पुढच्या पापाला मोकळे. आमच्या बापानं विमान फक्त आभाळात बघितलं, त्याच्या पोरांना आता हे शिकवणार का की चूल पेटवू नका?

शेळीवाला_धाराशिव

अण्णा मी तुमच्यासारखा जुना नाही पण दुकानाचं मात्र खरंय, कारण दुकानाच्या मागच्या दारात आम्ही राहतो. शहरातला माणूस ऑफसेट विकत घेतो तेव्हा ते तयार कुठं होतं? आमच्या गावात.

काही वर्षांमागं एका कंपनीची पोरं आली होती, नाव घेत नाही. घरटी एक पत्र्याची कमी धुराची चूल, फुकट. आधारची झेरॉक्स, सही, आणि घरच्या बाईचा चुलीसोबत एक फोटो. फोटो एकदम झकास काढायचे बरं का, तुम्ही पण लाजाल. आमच्या घरी ती चूल अजून आहे, न्हाणीच्या मागं, तिच्यात कोंबडी खुडूक बसती. कारण काय तर तोंड इतकं बारीक की तुराट्या मोडून मोडून घालाव्या लागतात, आणि भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यासमोर उभी करायला पुढं जागाच नाही. आईनं दोन दिवस वापरली, तिसऱ्या दिवशी म्हणली ह्याच्यावर फुगत नाही भाकर, ठेवा तिकडं. आता कागदावर आमची आई रोज त्याच चुलीवर सैपाक करती आणि कुणीतरी त्या लाकडाच्या बचतीवर लेहला जातो.

मग झाडंवाले आले. बांधावर झाडं लावा, त्यांनी ओढलेल्या कार्बनच्या क्रेडिटचे पैसे मिळतील. करारावरची वर्षं बघितली तर नातू म्हातारा होईल. मी विचारलं, 2016 सारखं साल आलं तर? ज्या साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणलं त्या साली झाडाला टँकर कोण लावणार? तो म्हणला इन्शुरन्स आहे. कशाचा ते त्याला पण सांगता येईना. आपल्याकडं सरकारनं 2019 ला 33 कोटी झाडांचा कार्यक्रम घेतला होता, देव पण तेवढेच, आणि दोन्ही दिसायला तेवढेच अवघड.

हां पण अण्णा, निसर्ग कधी देतो कधी घेतो हे मला आता पटत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधी गारपीट झाली, काढणीचा गहू-ज्वारी आडवी, द्राक्षाच्या बागा झोपल्या. आणि 2025 च्या सप्टेंबरात आमच्या भूम-परंड्याकडं जे पाणी आलं ते तुम्ही पण टीव्हीवर बघितलं असंल. दावणीला बांधलेली जनावरं वाहून गेली लोकांची.

मुक्ताई_जालना

मी शाळेत विज्ञान शिकवते त्यामुळे थोडं लांबेल, माफ करा.

इथं दोन गोष्टींची खिचडी झालीये. ऑफसेटवर शंका घेणं आणि हवामान बदलतंय ह्यावर शंका घेणं हे एक नाही. अण्णा दोन्ही नाकारतायत, विमान कंपनी दोन्ही गळ्यात मारते. मला विचाराल तर पहिली शंका रास्त, दुसरी नाही.

ऑफसेटचं आधी. एक क्रेडिट म्हणजे एक टन सीओटू. पण तो टन मोजला जातो एका कल्पनेशी तुलना करून, म्हणजे 'हे पैसे आले नसते तर काय झालं असतं'. जंगल तुटलं असतं, चुलीत लाकूड जळलं असतं. न घडलेली गोष्ट कोण मोजणार, आणि जो मोजतो त्याला जास्त क्रेडिट निघाले तर जास्त पैसे मिळतात. 2023 च्या जानेवारीत ब्रिटनचं गार्डियन आणि जर्मनीचं त्साइट ह्या वर्तमानपत्रांनी मिळून पावसाळी जंगलांच्या क्रेडिटचा शोध घेतला, 90 टक्क्यांहून जास्त क्रेडिटमागं खरी बचत नाही असा त्यांचा दावा होता. क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या व्हेराला तो मान्य नव्हता, पण बाजार हादरला. चुलींवर 2024 मध्ये अभ्यास आला, त्यात दाखवलेली बचत खऱ्या बचतीच्या साधारण नऊ पट निघाली. शेळीवाले भाऊ, तुमची कोंबडी त्याच हिशोबात बसलीय.

दुसरं असं की विमानानं जाळलेल्या इंधनातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होता, तो वर आला की त्याचा बराच भाग शेकडो वर्षं हवेत राहतो. बांधावरचा लिंब तो धरून ठेवणार कधीपर्यंत, तर कुणी तोडून सरपण करेपर्यंत.

आता अण्णा. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर 1958 पासून हवेतला सीओटू सलग मोजतात, तेव्हा दहा लाख भागांत 315 च्या आसपास होता, आता 420 च्या वर गेलाय. कोळसा जाळला तर पृथ्वी तापेल हा हिशोब आऱ्हेनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञानं 1896 ला मांडला, तेव्हा ना विमान होतं ना ऑफसेटचं दुकान. आणि हे तापणं सूर्यामुळं असतं तर वातावरणाचा वरचा थर पण तापला असता, तो उलट थंड झालाय, खालचा तापलाय. अंगावर गोधडी ओढल्यावर होतं तसं. परभणीची थंडी खरीच आहे, पण ती एका ठिकाणची एका रात्रीची गोष्ट, हवामान म्हणायला निदान तीस वर्षांची सरासरी धरतात. 72 चा दुष्काळ पण खराच. आधी दुष्काळ पडत नव्हते असं कुणीच म्हणत नाही.

तुमच्या वडिलांचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. भारतात माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास सीओटू, अमेरिकेत चौदाच्या आसपास, आणि आपल्या दोन टनांत सुद्धा तुराट्या जाळणारी आजी आणि दर महिन्याला दिल्ली करणारा साहेब एकाच सरासरीत येतात. चुलीचा उपदेश त्या आजीला करायचा नाहीच.

बांधावरचा_अण्णा

मॅडम तुम्ही चांगलं सांगितलं, पण एक हिशोब मला कुणीच पटवून देत नाही. नातू म्हणतो एक लिटर डिझेल जाळलं की अडीच-पावणेतीन किलो सीओटू. अहो एक लिटर डिझेल भरतंच मुळी पाऊण किलोच्या थोडं वर. ट्रॅक्टरमधी टाकलं पाऊण आणि नळकांड्यातून निघालं पावणेतीन? इथंच कळतं की आकडे फुगवलेत.

मुक्ताई_जालना

अण्णा, प्रश्न एक नंबर आहे, मुलं पण इथंच अडतात. डिझेलमध्ये बहुतेक कार्बन असतो, ऑक्सिजन इंजिन बाहेरच्या हवेतून ओढतं. कार्बनचं वजन 12 धरा, त्याला ऑक्सिजनचे दोन चिकटले, 16 आणि 16, झाले 44. म्हणजे एक किलो कार्बन जळाला की साडेतीन किलोच्या वर सीओटू. लिटरभर डिझेलमध्ये कार्बन 700 ग्रॅमच्या थोडा वर, गुणून बघा, नातवाचं उत्तर येतंय. ट्रॅक्टरचं एअर फिल्टर कशाला असतं मग?

बांधावरचा_अण्णा

फिल्टरचं ध्यानात आलं. बरं.

खडकी_ते_वेरूळ

मी फोटोवाल्या प्रश्नाचं बोलतो, तो कुणी घेतलाच नाही.

भावा, तुझा कोरड्या मांजराचा फोटो 2016 च्या एप्रिल-मेचा असणार, सगळ्यांचा तोच असतो, भेगाळलेला गाळ, वाईड अँगल, मधोमध उलटी होडी. पण त्याच साली सप्टेंबरच्या शेवटी एवढा पाऊस झाला की तेच धरण भरलं आणि दारं उघडायची वेळ आली. तो फोटो कुणी टाकला? म्हणजे एप्रिलचा टाकून तू म्हणणार बघा बदल, सप्टेंबरचा टाकून तुझे मामा म्हणणार बघा काही नाही. एका फोटोनं ह्यातलं काहीच सिद्ध होत नाही, म्हणून त्याखाली ते दोन शब्द लिहू नकोस, तारीख आणि जागा लिही. आणि जमलं तर भिंतीवरच्या एकाच दगडावर ट्रायपॉड ठेवून दर वर्षी त्याच महिन्यात काढत राहा. कंटाळवाणं काम आहे, लाईक येत नाहीत, पण वीस वर्षांनी त्याला किंमत येईल, लडाखच्या आकाशगंगेचे फोटो तर आताच ढिगानं आहेत.

दुसरं, कार्बनचा हिशोब करताना डोळ्यासमोरचं नुकसान विसरतो आपण. नाथसागरावर (जायकवाडी धरणाच्या पाण्यावर) हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, सकाळी सकाळी जाऊन बघ, काही बहाद्दर पंख उघडलेले पाहिजेत म्हणून थव्याच्या दिशेनं गाडी घालतात, ड्रोन सोडतात, एकानं तर माझ्यासमोर ढेकूळ मारलं. खायला उतरलेले पक्षी पुन्हापुन्हा उडवायचे आणि घरी येऊन 'सेव्ह नेचर' टाकायचं. ह्याला कुठला ऑफसेट लावणार? ढोंग म्हणायचं तर मी ह्याला म्हणेन, तुझ्या एका लडाखला नाही.

अजिंठ्याला बघ, स्वतःची गाडी फर्दापूर फाट्यालाच लावावी लागते, पुढचे चारेक किलोमीटर बसनं जायचं, आत फ्लॅश बंद. लोक कुरकुरतात पण चित्रं आणि दरी दोन्हीला त्याचा उपयोग आहे. पैसे भरून गाडी वर न्या अशी सोय ठेवली असती तर काय झालं असतं, विचार कर. ऑफसेट म्हणजे तीच सोय.

आणि जाता जाता, वेरूळचं कैलास लेणं पश्चिमेला तोंड करून आहे, सगळे सकाळी जातात आणि सावलीत फोटो काढून येतात. दुपारी चारनंतर जा, हत्ती आणि स्तंभावर ऊन येतं. मंगळवारी बंद असतं. लातूरहून चौघं एका गाडीत आलात तर माणशी दहा-बारा किलो सीओटू जाताना, तेवढेच येताना, तुला हिशोबाची आवड दिसतेय म्हणून सांगितलं.

लातूरकर_कॅमेरावाला

सगळ्यांचे आभार. चौकोनावर टिक करणार नाहीये हे नक्की. लडाखला मात्र जाणार, खोटं कशाला बोलू, पण दिल्लीपर्यंत विमान नको असं ठरवलंय. परभणीला मामांकडं एक मुक्काम करायचा, तिथून सचखंड एक्सप्रेस धरायची, पुढं फक्त दिल्ली-लेह उडायचं. पूर्ण उड्डाणाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडंच जास्त राहतं ते. ते पण पुसलं असं म्हणणार नाही, झालं ते झालं. रजा दोन दिवस जास्त लागेल, साहेबाला काय सांगायचं ते बघतो.

मामांना डिझेलचा हिशोब पाठवला. उत्तर आलं, "हिशोब बरोबर आहे. येताना स्वेटर आण."

@शेळीवाला भाऊ, चूल टाकून देऊ नका, कोंबडीसकट एक फोटो काढायचाय, चालेल का?

शेळीवाला_धाराशिव

या की. पण आईला चुलीजवळ उभं करणार असाल तर आधीच सांगतो, ती आता सही देणार नाही. आणि सचखंडनं चाललाव तर डबा जास्त नेऊ नका, वाटेत लंगर मिळतो, फक्त ताट-वाटी जवळ ठेवा.