शनिवारशी बांधिलकी असते का?

अंगणवाट
आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दर शनिवारी मुलांना वाचन-गणित शिकवायला स्वयंसेवक येतात. जूनमध्ये खोलीत मावत नाहीत, दिवाळीनंतर शोधावे लागतात. मदत देणाऱ्या संस्थेने यंदा इंग्रजी अर्ज पाठवलाय आणि मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. त्यात वाक्य असं, की वर्षभर दर शनिवारी दोन तास देण्याची 'कमिटमेंट' मी करत आहे. खाली सही.
मी लिहिलं, 'दर शनिवारी दोन तास देण्यास मी बांधील आहे.' आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी ते खोडलं. म्हणाल्या, बांधिलकी विचाराशी असते, शनिवारशी नसते. शिवाय 'बांधील' वाचून कॉलेजची पोरं वकिलाची नोटीस आल्यासारखी पळतील. 'वचन देतो' लिहिलं तर सगळे हसले. 'शब्द देतो' बोलताना छान वाटतं, पण सहीच्या कागदावर? गुरुवारी छापायला द्यायचंय. सुचवा.

शुद्धमती
यात अडचण कसली? 'मी वचनबद्ध आहे.' सरळ, स्वच्छ, आपलं.

सातबारा
'शासन वचनबद्ध आहे' असं फलकावर दिसलं की ते काम यंदा होत नाही, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. 'कटिबद्ध' असेल तर पुढच्या वर्षीही नाही. राजकारण्यांनी हे सगळे शब्द वाटूनच घेतलेत. शिवसेनेचा वचननामा, भाजपचं संकल्पपत्र, काँग्रेसचा जाहीरनामा. सामान्य माणसाने आपल्या शनिवारसाठी काय वापरायचं?

शुद्धमती
शब्द वाईट माणसांनी वापरला म्हणून टाकून द्यायचा का? मग 'सेवा'ही टाका.

जुनीपेठ
बाईंचं बरोबर आहे. 'बांधिलकी'ला आज जो अर्थ आहे तो साठ-सत्तरच्या दशकातल्या साहित्यिक भांडणांत पक्का झाला. लेखकाची समाजाशी बांधिलकी हवी की नको, यावर तेव्हा लोक चहाच्या टपरीवर एकमेकांशी अबोला धरायचे. त्यामुळे 'सामाजिक' हे विशेषण न लिहिताही ऐकू येतं. शनिवारी साडेचारला हजर राहण्यासाठी एवढा मोठा शब्द आणणं म्हणजे ताक प्यायला हंडा.

पंचगंगाकाठ
तुम्ही लोक कागदावरचे शब्द शोधताय. आमच्याकडं राधानगरीच्या बाजूला रोपलावणीत 'पैरा' असतो. आज तुमच्या रानात आमच्या घरातली दोन माणसं, परवा आमच्या रानात तुमची दोन. कुणी कुणाला वचन देत नाही, सही तर लांबच. पैरा डोक्यावर बसतो आणि तो फेडावा लागतो.
एका पावसाळ्यात आई तापानं फणफणली होती आणि नेमका दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा पैरा फेडायचा होता. वडील म्हणाले, मजुरी देऊन टाकू. आईनं ऐकलं नाही. मावशीला निरोप धाडला. ती पहाटे चालत आली, आईचंच इरलं घेतलं आणि त्यांच्या चिखलात उतरली. पैशानं पैरा फिटत नाही. माणसाचा पैरा माणसानं, बैलाचा बैलानं. आता ह्याला तुमच्या इंग्रजीत काय म्हणता ते तुम्हीच सांगा.

खाडीपलीकडे
आमच्या रत्नागिरीत हीच 'सावड'. पण दादा, एक शंका. ही तर परतफेड झाली. मी तुझ्याकडे येतो कारण तू माझ्याकडे येणार. अंगणवाटच्या स्वयंसेवकाला परत काय मिळणार आहे? पोरं काही त्याच्या घरी येऊन धुणी धुणार नाहीत.

पंचगंगाकाठ
परत मिळतंय म्हणूनच लोक पाळतात की. नुसत्या चांगुलपणावर दिवाळीपर्यंतच टिकतं, वरच लिहिलंय बघा.

तारखेवर तारीख
कायदा खाडीपलीकडेंच्या बाजूने आहे. १८७२ चा आपला करार कायदा म्हणतो की मोबदल्याशिवाय केलेला करार, काही अपवाद सोडले तर, रद्दबातल. म्हणजे स्वयंसेवकाने 'बांधील आहे' लिहिलं काय किंवा 'येईन बुवा' लिहिलं काय, कोर्टात दोन्ही सारखंच. पोरांना सांगा, बिनधास्त सही करा.

वाळवंटी
मला 'नेम' हा शब्द सुचतो. माझे सासरे महिन्याचे वारकरी. दर शुद्ध एकादशीला पंढरपूर. एकदा माळ घातली की आषाढी-कार्तिकीला जायचं की नाही हा प्रश्नच घरात निघत नाही, फक्त 'कशाने जायचं' एवढाच निघतो. गुडघे गेले तेव्हा त्यांनी वारी थोरल्या मुलाकडे सोपवली, जमीन नावावर करावी तशी. बँकेतून रजा मिळत नाही म्हणून तो सुरुवातीला कुरकुरला, आता तोच आम्हाला तारखा सांगतो. 'माझा शनिवारचा नेम आहे' हे ऐकायला किती सहज वाटतं!

सातबारा
आणि 'त्याचा काही नेम नाही' हे त्याहून सहज. नवल बघा, 'नेम' आपण चांगल्या अर्थाने क्वचित बोलतो. पावसाचा नेम नाही, जावयाचा नेम नाही, एसटीचा नेम नाही. नकार लागल्याशिवाय हा शब्द घराबाहेर पडत नाही.

वाळवंटी
तुमच्या घरात नसेल पडत. आमच्याकडे 'नेमधर्म' रोज असतो.

भाकरतुकडा
'भाक' कुणालाच कशी आठवली नाही? आजी हातावर हात मारून 'भाक दे' म्हणायची. माझं मत असं की भाक आणि भाकर एकाच मुळातले. ज्याच्याबरोबर भाकर मोडली त्याला दिलेली ती भाक.

जुनीपेठ
मत चविष्ट आहे, पण पोट भरत नाही. 'भाक' मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही आहे आणि तिचा धागा 'भाषा'कडे जातो. जुन्या मराठीत 'भाष देणे' म्हणजे वचन देणे. 'ष'चा 'ख' आणि मग 'क', भाषा-भाखा आठवा.

भाकरतुकडा
मग 'वाक्' का नाही? व आणि भ काही फार लांब नाहीत.

जुनीपेठ
लांब नाहीत, पण एका घरातलेही नाहीत.

मडगावकार
आमच्या कोंकणीत वचनाला 'उतर' म्हणतात. 'उतर दिलां' म्हणजे शब्द दिला. मराठी मित्राला एकदा 'हांवें ताका उतर दिलां' म्हटलं, तर त्याला वाटलं मी कुणाला तरी उलट उत्तर दिलं. दोन दिवस समजूत काढत होता.

रात्रपाळी
इतकं खोदण्यापेक्षा 'कमिटमेंट' हाच मराठी शब्द माना ना. ऑफिसात आम्ही दर पंधरवड्याला कमिटमेंट देतो आणि दर पंधरवड्याला ती हुकते. पण खरा मुद्दा वेगळा आहे. माझी बहीण म्हणते, 'तो कमिट होत नाहीये.' चार वर्षं बरोबर फिरतायत. याला मराठीत काय म्हणाल? 'वचनबद्ध होत नाहीये' म्हटलं तर मुलगा आणखी पळेल.

आजीचीगोधडी
अरे, याला आपण म्हणतो 'लग्नाचं मनावर घेत नाही'. मनावर घेणं! यात निश्चय आला, उशीर आला आणि घरच्यांची चिंताही आली.

रात्रपाळी
पण तिला लग्न नकोच आहे, कमिटमेंट हवी आहे.

आजीचीगोधडी
म्हणजे नक्की काय हवंय?

रात्रपाळी
तेच तर विचारतोय.

शुद्धमती
संकल्पना परकी असली की शब्द परका वाटतोच. तरीही शब्द घडवता येतो. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. ती जिद्द आपल्यात उरली नाही, एवढंच.

तारखेवर तारीख
आणि साडेतीनशे वर्षांनंतरही मी रोज 'करार', 'जामीन' आणि 'वकालतनामा' यांवर पोट भरतो. कोश आदरणीय, पण लोकांनी आपल्याला हवं तेवढंच घेतलं. 'वायदा'ही अरबीच. त्यात तारीख असते, म्हणूनच बाजाराने तो उचलला. वायदे बाजारात आज भाव ठरतो, माल पुढच्या महिन्यात. अंगणवाटना खरं तर हाच हवा, कारण त्यांच्या अर्जात वार आणि वेळ दोन्ही आहेत.

सातबारा
उधारी वसूल करणाऱ्याला विचारा. 'वायद्यावर वायदे' म्हणजे टोलवाटोलवी. त्यातली तारीख ही पुढे ढकलण्यासाठीच असते.

शिवनेरीकर
तारीख पाळायची तर 'सुपारी' म्हणा. हसू नका. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे जत्रा-पंच तिथे येऊन सुपारी देतात. भाव किती, खेळ फक्त रात्रीचा की हजेरी म्हणजे दुसऱ्या दिवशीचा खेळही, सगळं राहुटीतच ठरतं. चैत्र पौर्णिमेसारखी तिथी बऱ्याच गावांना एकदमच हवी असते, त्यामुळे तिच्यासाठी रस्सीखेच. एकदा सुपारी घेतली की फडाला अवकाळी पाऊस असो की घरचं मर्तिक, पोचावंच लागतं. न पोचलेल्या फडाचं नाव जुन्नर-खेडच्या गावांत बरीच वर्षं निघतं, आणि कशासाठी निघतं हे सांगायला नको. वर्तमानपत्रांनी सुपारीला खुनाशी जोडलं, त्याआधी ती लग्नाची आणि जत्रेची होती.

खाडीपलीकडे
'मी दर शनिवारची सुपारी घेतली आहे' असं अर्जात लिहून खाली सही. पोलीस पडताळणी आपोआप होईल.

जुनीपेठ
थट्टा बाजूला ठेवून एक म्हणू? आपण नामं शोधतोय, पण मराठीत ही गोष्ट क्रियापदांत राहते. शब्द पाळतात, जनावर पाळावं तसा, रोज चारा घालून. नवस आणि पैरा फेडतात, म्हणजे ते कर्ज आहे. मिठाला आणि शब्दाला जागतात, म्हणजे तिथे डोळा लागून चालत नाही. नेम चालवतात. विडा मात्र नुसता उचलतात, पुढचं कुणी सांगत नाही. इंग्रजीत एकाच नामात हे सगळं कोंबलंय, म्हणून भाषांतर करताना आपली तारांबळ उडते. नाम सोडा आणि क्रियापद लिहा.

शुद्धमती
क्रियापदाचा मुद्दा मान्य. पण 'शब्दाला जागणे'मधलं 'जागणे' झोपेतून जागं होण्याचंच आहे हे गृहीत का धरता? मला ते 'जागा'शी जोडलेलं वाटतं. शब्दाच्या जागी उभं राहणं.

जुनीपेठ
पुरावा?

शुद्धमती
तुमच्या चाऱ्याला होता का?

अंगणवाट
मंडळी, आभार. अर्ज छापायला गेला. 'मी वर्षभर दर शनिवारी साडेचार ते साडेसहा येईन. येता आलं नाही तर आदल्या दिवशी कळवीन आणि बदली माणूस पाठवीन.' बदली माणसाची ओळ पंचगंगाकाठ यांच्या मावशींमुळे आली. बाईंनी 'कळवीन' खोडून 'कळवेन' केलं, त्यावर आणखी अर्धा तास गेला.

सातबारा
'कळवीन'च बरोबर. शाळेत तेच शिकवलंय.

वाळवंटी
आमच्या शाळेत 'कळवेन' चालायचं. नवीन धागा काढा.

पारनेरी
उशिरा आलो. पैरा, सावड झाली, पण आमच्याकडचा 'वारंगुळा' राहिला. तुमचा एक बैल, माझा एक बैल, मिळून एक औत. आधी तुमचं रान, मग माझं.

पंचगंगाकाठ
म्हणजे पैराच की.

पारनेरी
नाही. पैऱ्यात माणूस येतो. वारंगुळा फक्त बैलांचा.

आजीचीगोधडी
माझ्या आजोळी बायकाही वारंगुळ्याने खुरपायला जायच्या.

पारनेरी
आजोळ कुठलं?