नवी इलेक्ट्रिक गिटार घरी आणली की लगेच उघडायची कशाला?

खर्जातला सा
परवा या फोरमवर एकाने ठासून लिहिलं, की स्वस्तातली गिटार म्हणजे नुसता सांगाडा, घरी आणल्या दिवशीच पिकअप (तारेचा कंप पकडणारं चुंबक-कॉइल), पॉट (आवाजाची बटणं), खुंट्या, नट (खुंट्यांपाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) सगळं बदला. त्याखाली नव्या पोरांचे "ऑर्डर केलं दादा" असे प्रतिसाद. ते वाचून राहवलं नाही म्हणून हा धागा.

अरे, आधी सेटअप तरी करा! खोक्यातून निघालेली गिटार लावलेली नसते. कारखान्यातून निघताना नेक (मान) सरळ असेल, पण आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत ती हलतेच. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा पहिला आणि सतरावा फ्रेट (पडदा) एकदम दाबा आणि सातव्या-आठव्यापाशी फट बघा. ०.२५ मिमीच्या आसपास, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) एका वेळी पाव फेराच फिरवा. मग बाराव्या फ्रेटवर त्याच तारेची उंची १.६ मिमीच्या आसपास आणा, आणि शेवटी सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) पुढे-मागे करून इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागेल असं करा. एवढं करून सहा महिने वाजवा. त्यानंतरही काही खटकलं तर बदला. सीटची उंची न लावता नव्या सायकलची चेन बदलणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

सोल्डरवाला
साफ असहमत. सेटअप करून घरघर जाते का? आमच्या खोलीत पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबलाइट आणि शेजारची मिक्सी, सगळं एका लायनीवर. सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे) पिकअप ५० हर्ट्झचा असा गुंगाट घालायचे, की अँपचा गेन वाढवायची सोय नव्हती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पॉट आणि वायर आणली, ब्रिजला हंबकर (दोन कॉइलचा, गुंगाट मारणारा पिकअप) बसवला, २५० के ओहमचे पॉट काढून ५०० के लावले. त्या दिवसापासून गिटार हातातून सुटली नाही. सहा महिने कशाला थांबायचं? रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटच्या घाटाच्या बॉडीत गिब्सन कंपनीचा हंबकर बसवला तेव्हा कुणाची परवानगी मागितली होती?

खर्जातला सा
व्हॅन हेलनला कोणता आवाज हवा होता ते त्याच्या कानात पक्कं होतं. क्वीन बँडच्या ब्रायन मेने १९६३ पासून वडिलांबरोबर अख्खी गिटारच घरी बनवली, नेकला जुन्या फायरप्लेसचं लाकूड वापरलं. तेही मान्य. पण ज्याला अजून एफचा बारे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा) धड लागत नाही, त्याने कोणत्या आवाजाच्या शोधात पिकअप बदलायचे?

तारसप्तक
विकायची वेळ येते तेव्हा कळतं. मी एक जुनी गिटार घेतली, घरी येऊन पिकगार्ड (बॉडीवरचं झाकण) उघडलं तर आत हंबकरसाठी लाकूड वेडंवाकडं कोरलेलं. विकणाऱ्याने अवाक्षर काढलं नव्हतं. असं कोरकाम करणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. बदल करायचे तर परत फिरवता येतील असे करा, मूळचा एकेक स्क्रू डब्यात जपून ठेवा.

मिरजकर
सगळे वरवरचं बोलताय. वाद्याचा जीव लाकडात असतो. आमच्याकडे तंबोऱ्याला तून लाकूड लागतं, भोपळा नीट वाळलेला लागतो, जवारी (घोडीवरून येणारा झंकार) काढायला कारागिराची बोटं लागतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते उगाच नाही. लाकूडच हलकं असेल तर पिकअप बदलून काय होणार? पडदे घासा नाहीतर सोन्याचे लावा.

सोल्डरवाला
अहो, तंबोऱ्यात भोपळा आणि तबली (त्यावरची लाकडी फळी) हवा हलवतात. इथे पिकअपच्या चुंबकावर लोखंडाची तार थरथरते आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. लाकूड त्या कॉइलमध्ये शिरतं कुठून? १९५६ मध्ये फेंडरने स्ट्रॅटचं लाकूड अ‍ॅशवरून बहुतांशी अल्डरवर नेलं, म्हणून काय स्ट्रॅट वाजायची थांबली?

मिरजकर
तार कशावर बांधली आहे? लाकडावरच ना? मग ती किती वेळ थरथरेल हे कोण ठरवतं? चार पिढ्या लाकूड हाताळणाऱ्यांना तुम्ही कॉइल शिकवू नका.

सोल्डरवाला
पिढ्या काढू नका हो! डोळे मिटून दोन गिटारींतलं लाकूड ओळखून दाखवा, मी सोल्डरिंग आयर्न तुमच्या हवाली करतो.

ऐरोलीची बासवाली
दोघेही जरा थांबा. नाद किती टिकतो यावर लाकडाचा थोडा परिणाम होतो, माझ्या दोन बासमध्ये तो मला जाणवतो. पण पिकअप किंवा अँप बदलल्यावर जो फरक पडतो त्याच्यापुढे तो किरकोळ. आणि सोल्डरवाले, सगळी घरघर पिकअपच्या माथी मारू नका. पिकअपच्या खाचेत तांब्याची पट्टी लावून नीट अर्थिंग केलं तर रेग्युलेटरची चरचर बरीच कमी होते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय गुंगाटाला मात्र हंबकरच लागतो, हे तुमचं बरोबर. आणि ज्यांच्यासाठी हा धागा काढला, त्या पोरांना कुणी काही विचारलंय का?

कोथरूडचा नवशिका
"ऑर्डर केलं दादा" म्हणणाऱ्यांतला मी एक. माझी तिसरी तार बेंड केली (बोटाने ओढली) की उतरते. लॉकिंग (तार घट्ट पकडणाऱ्या) खुंट्या मागवल्यात, अजून निघालेल्या नाहीत.

ऐरोलीची बासवाली
खुंटी पिळून तार चढवताना नटपाशी "टिंग" असा आवाज येतो का? येत असेल तर तार नटच्या खाचेत अडकतेय. तार सैल करून खाचेत शिसपेन्सिल फिरव. खुंटीवर तारेचे दोन-तीनच वेढे असू देत, आणि नवी तार हाताने ओढून ताणून घे. खाच अरुंद असेल तर जाणकाराकडून घासून घे. स्वतः कानस लावू नकोस, खाच खोल गेली की मोकळी तार फ्रेटवर करकरते.

कोथरूडचा नवशिका
टिंग येतोच! पेन्सिल फिरवली. बरीच टिकतेय आता, पूर्ण नाही. ऑर्डर रद्द करू?

सोल्डरवाला
खुंट्या रद्द कर. नटचं बाईंचं म्हणणं मला पटलं. पण पिकअपबद्दल मी शब्द मागे घेत नाही. घरघर असेल तर सहा महिने वाट बघू नकोस.

खर्जातला सा
घरघर असेल तर ठीक, तेवढं मान्य करतो. नुसतं कुणीतरी लिहिलंय म्हणून नको. आणि तंबोऱ्याच्या लाकडासाठी वेगळा धागा काढा.

मिरजकर
काढणार नाही. त्या नवशिक्याच्या गिटारच्या नेकवर शिसवी आहे की मेपल, ते अजून कुणी विचारलंच नाही.