मदत हवी आहे: चेस्ट फ्रीझरवरच्या लाकडी चौकटीला फोमच्या मागे पाणी सुटतंय

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत राहतो, घरी बिअर करतो. बेसमेंटमधला ७ घनफुटी चेस्ट फ्रीझर बाहेरून थर्मोस्टॅट जोडून ४ अंशांवर ठेवलाय, आत १९ लिटरचे दोन केग (बिअरची स्टीलची पिंपं). नळासाठी फ्रीझरला भोक पाडायची हिंमत झाली नाही. थंड करणाऱ्या गॅसच्या नळ्या त्या पत्र्यामागूनच फिरतात, ड्रिल चुकलं की फ्रीझर भंगारात. म्हणून झाकण काढून, झाकण आणि फ्रीझरच्या मध्ये पाइनच्या फळ्यांची चौकट बसवली, म्हणजे नळ तिच्यातून काढता येतो. दुकानात '२ बाय ८' म्हणून मिळणारी फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सात इंच दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) रुंद भरते. (लहानपणी घरी आलेल्या सुतारकाकांकडून शिकलेलं 'सूत' इथे येऊन पहिल्यांदा उपयोगी पडलं.)

एवढं जाड लाकूड थंडी धरेल असं वाटलं होतं. पण पाइनची आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याची ताकद) इंचाला जेमतेम सव्वा, आणि एक्सपीएस फोमची (थर्माकोलसारखी पण घट्ट शीट) पाच. जुलैत चौकटीला बाहेरून घाम सुटायला लागला, तेव्हा आतून इंचभर एक्सपीएस चिकटवलं. पहिला गोंद सॉल्व्हंटवाला निघाला, त्याने फोमच खाल्ला. मग सिलिकॉनचे चार-चार गोळे टाकून शीट दाबली.

काल एक तुकडा उचकटला तर मागे लाकूड ओलं, कोपऱ्यात काळी बुरशी.

माझा संशय त्या गोळ्यांवरच आहे. फोम आणि लाकडात फट राहिली, आतली गार हवा तिथे शिरली, आणि चौकटीच्या खालच्या सांध्यातून येणारी दमट हवा त्या गार फळीवर पाणी होऊन बसली. म्हणून आता पूर्ण पाठीला सिलिकॉन फासायचं आणि खालचा सांधाही बुजवायचा ठरवलंय.

अडलंय ते पुढे. एक मित्र म्हणतो, आतून सगळीकडे अ‍ॅल्युमिनियम टेप मार. पण घराच्या भिंतीत हिवाळ्यात बाष्प आतून बाहेर जातं, इथे ते बाहेरून आत येणार. मग बाष्प अडवायचं तर बाहेरून ऑइलपेंट द्यायला हवा ना? आतून टेप मारली तर ओल मध्येच कोंडेल असं वाटतं. चुकतोय का?

दुसरं, नळाची शँक (चौकटीतून आरपार जाणारी आटे असलेली नळी) चार इंच एक सूत आहे. लांबी पुरते, पण नट आवळला की फोम दबतो. तेवढाच फोम गोल कापून काढू, की तिथे लाकडी ठोकळा घालू? ठोकळा घातला तर नेमका तिथेच गारवा बाहेर येणार.

चौकट सध्या पंख्यासमोर सुकतेय. शनिवारी पुन्हा चिकटवणार आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.