मदत हवी आहे : तापमापीचा दोष की स्फटिकांतील अशुद्धी?

नमस्कार. मी बेळगावात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमची तापमापी वितळत्या बर्फात ० अंश सेल्सिअस दाखवते, पण उकळत्या पाण्याच्या वाफेत ९६ वर थांबते. आपले शहर सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी साधारण ९७.५ अंशांनाच उकळते, म्हणजे खरा दोष ४ नव्हे, दीड अंशाचा आहे. (प्रयोगवहीत उंचीचा उल्लेखच नाही, याची खंत वाटते.)

याच तापमापीवर माझ्या बेन्झॉइक आम्लाचा द्रवणांक १२२ ऐवजी ११८ ते १२० आला. २ ग्रॅम नमुन्याचे ८० मिलिलिटर पाण्यातून पुनःस्फटिकीकरण करून १.३ ग्रॅमच मिळाले, वास्तविक बर्फात थंड केलेल्या तेवढ्या पाण्यात जेमतेम ०.१५ ग्रॅम विरघळून राहावे.

दुरुस्ती १२० अंशांपर्यंत त्याच प्रमाणात वाढवावी, की ११४ अंशांना वितळणाऱ्या शुद्ध ॲसिटॅनिलाइडने तपासावी? उरलेले आम्ल गरम गाळणीच्या वेळी फनेलमध्येच साचले असेल का? कृपया अनुभवींनी सांगावे.